बटणाचा हुंकार

जावा या संगणकभाषेत पडद्यावर खिडक्या आणि बटणं मांडण्यासाठी 'स्विंग' नावाचा एक संच आहे. डिसेंबर १९९८पासून तो भाषेसोबतच मिळतो. त्यातल्या प्रत्येक बटणाला जन्मतःच एक कला येते, ती म्हणजे कोणी हात न लावता स्वतःच दाबलं जाण्याची. प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'डू-क्लिक' एवढी आज्ञा दिली की बटण आत बसतं, जरा थांबतं आणि वर येता येता नेमून दिलेल्या कामाला लागतं. किती थांबतं? वेगळं काही सांगितलं नसेल तर ६८ मिलिसेकंद. सत्तर नाही, पासष्ट नाही, अडुसष्ट.

पंचांगातला विपळ सेकंदाच्या चार दशांशांएवढा असतो. त्याचे सहा वाटे केले तर एक वाटा साधारण एवढा भरेल. सेकंदाला साठ चित्रं काढणाऱ्या पडद्यावर एवढ्या वेळात जेमतेम चार चित्रं उमटतात. आणि या वेळात कॉम्प्युटर काय करतो? काही नाही. आज्ञेच्या पोटात शिरून पाहिलं तर तिथे चक्क 'झोप' असं लिहून ठेवलेलं आहे. ज्या यंत्राने तेवढ्यात काही कोटी बेरजा हातावेगळ्या केल्या असत्या, त्याला आपण मुद्दाम डुलकी घ्यायला लावतो. कशासाठी? बटण बसलं, असं समोरच्या माणसाला वाटावं म्हणून.

खरं तर पडद्यावरचं बटण कधी बसतच नाही. बसायला त्याच्यामागे जागा कुठे आहे? विंडोज ९५च्या काळातलं करडं बटण आठवून पाहा. त्याची वरची आणि डावी कड पांढरी, खालची आणि उजवी कड काळसर. उजेड डाव्या कोपऱ्यातून, वरून येतो असं तिथे गृहीत धरलेलं होतं, म्हणून ते बटण फुगीर दिसायचं. दाबलं की या कडांच्या रंगांची अदलाबदल व्हायची. काळसर होती ती वर-डावीकडे जायची, पांढरी होती ती खाली-उजवीकडे यायची, आणि बटणावरची अक्षरं एक ठिपका खाली, एक ठिपका उजवीकडे सरकायची. झाला कार्यक्रम. एवढ्या भांडवलावर जगभरच्या कचेऱ्यांतल्या माणसांनी वर्षानुवर्षं मान्य केलं की आपण काहीतरी आत दाबलं.

माऊसने टिचकी मारली की हा देखावा आपोआप होतो. अडचण येते ती हुकूम दुसऱ्या वाटेने आला की. कोणी कीबोर्डावरची कळ दाबली, किंवा एका प्रोग्रामनेच दुसऱ्या कामाला हाक मारली, तर काम होऊन जातं आणि बटण मात्र ढिम्म बसून राहतं. मग ते दाबल्यासारखं दाखवायचं नाटक प्रोग्राम लिहिणाऱ्याला वेगळं बसवावं लागतं. शहरातली मोठी मंडळी या प्रश्नाकडे सजावटीचा प्रश्न म्हणून पाहतात. मला त्याचं मोल कळलं ते बिलोलीतल्या एका आडत दुकानात.

बिलोली म्हणजे नांदेड जिल्ह्याचं तेलंगणाकडचं टोक. इथल्या बाजारात एकाच वाक्यात मराठी सुरू होते, मध्ये उर्दू लागते आणि भाव ठरताना तेलुगू येते. अशा गावात दुकानदारांना छोटे छोटे प्रोग्राम लिहून देण्याचा उद्योग मी करतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन यायला लागलं की आडतीवर उभं राहायला जागा नसते. सगरोळीचा, कुंडलवाडीचा, अर्जापूरचा माल एकाच वेळी काट्यावर चढतो, आणि प्रत्येक शेतकऱ्याला पट्टी लगेच हवी असते. नाव, गाव, पोती, वजन, भाव, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, उरले ते हातात.

हे सगळं ज्यांच्या बोटांतून जातं ते मुनीम काका साठीच्या पुढचे. तरुणपणी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेले. रेमिंग्टनच्या यंत्रावर शिकलेल्या माणसाची बोटं वेगळी असतात. तिथे कळ दाबली की दांडा उठायचा, कागदावर आपटायचा, आवाज व्हायचा आणि अक्षर उमटायचं. दाबणं आणि होणं यांच्यात ढोंगाला जागाच नव्हती. कमी दाबलं तर अक्षर पुसट, जास्त दाबलं तर कागदाला भोक. त्या शाळेतून आलेले काका माऊसला हात लावत नाहीत. माऊस पावत्यांच्या गठ्ठ्यामागे पालथा पडलेला असतो. त्यांचं सगळं काम कीबोर्डावर चालतं आणि पट्टी जतन करायची कळ म्हणजे एफ-नऊ.

दुकानात आधी जो प्रोग्राम होता त्यात एफ-नऊ दाबलं की पट्टी गुपचूप जतन व्हायची. पडद्यावर 'जतन करा' असं लिहिलेलं भलं मोठं बटण होतं, पण कळ दाबल्यावर ते हलायचं नाही. काका बटणाकडे बघायचे. बटण काकांकडे बघायचं. मग काका पुन्हा एफ-नऊ दाबायचे, आणि खात्री म्हणून वरून आणखी एकदा. संध्याकाळी हिशेब लावताना एकाच शेतकऱ्याने एकाच मिनिटात तीनदा तेवढाच माल तेवढ्याच वजनाचा आणून घातलेला दिसायचा. मालक चिडले की काका शांतपणे म्हणायचे, "दाबलालो की हो मी. पण ते बसंना. मंग मी काय समजू?"

या वाक्यात सगळा प्रश्न आला. बटण दाबण्याचं काम काकांचं होतं, ते त्यांनी चोख केलं. दाबलं गेल्याचं सांगण्याचं काम यंत्राचं होतं, ते त्याने केलं नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं पडली की आजी गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्या पोरांपैकी एकाने हुंकार द्यायचा, असा नियम होता. गोष्टीला हुंकाराची काय गरज, राजा तर त्याशिवायही शिकारीला जाणारच होता. पण हुंकार थांबला की राजा घोड्यावर एक पाय ठेवून तसाच थांबायचा आणि आजी विचारायची, "झोपलास का रे?" हुंकार फार घाईने दिला तरी तिला संशय यायचा. अर्ध्या वाक्यावर 'हूं' म्हणणारा पोरगा ऐकत नसतो, उरकत असतो. बरोबर वेळेला, बेताच्या आवाजात दिलेला हुंकार म्हणजे सांगणाऱ्याला मिळालेली पोच. पडद्यावरच्या बटणाचं ते क्षणभर बसणं मला तसंच वाटतं. यंत्राला त्याची गरज नाही. सांगणाऱ्याला आहे.

हुंकाराच्या वेळेचा अभ्यासही झालेला आहे. याकोब नील्सन या संगणकवापराच्या अभ्यासकाने १९९३च्या पुस्तकात तीन मर्यादा सांगितल्या. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत पडद्यावर काही हललं तर ते आपणच हलवलं असं माणसाला वाटतं. एका सेकंदापर्यंत विचाराचा धागा टिकतो. दहा सेकंदांच्या पुढे गेलं की माणूस दुसऱ्या कामाकडे वळतो. आमच्या आडतीवर या तिसऱ्या मर्यादेनंतर माणूस चहाला जातो, आणि चहावाल्याकडे पावसाची गोष्ट निघाली की मर्यादेचा विषयच संपतो.

पहिल्या ॲपल मॅकिंतोशने, १९८४ सालीच, हे ओळखलं होतं. मेन्यूतला एखादा हुकूम निवडला की ती ओळ नाहीशी होण्याआधी लुकलुकायची. किती वेळा लुकलुकावं हे वापरणाऱ्याला ठरवता यायचं. एकदा, दोनदा, तीनदा, किंवा मुळीच नको. म्हणजे नोकराने किती वेळा 'हो मालक' म्हणावं हे मालकाच्या स्वभावावर सोडलेलं होतं.

प्रोग्राम लिहायला बसलं की लक्षात येतं, दाबलेलं दिसणं आणि दाबल्याचं काम होणं या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या वेगवेगळ्या विकत मिळतात. विंडोजमध्ये 'सेट-स्टेट' नावाचा एक संदेश बटणाला पाठवता येतो. तो मिळाला की बटण दाबलेलं दिसतं, आणि बस्स. काम शून्य. उलट मायक्रोसॉफ्टच्याच विंडोज फॉर्म्समध्ये 'परफॉर्म-क्लिक' म्हटलं की काम पूर्ण होतं, पण बटणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. आणि तिसरा प्रकार जावाच्या 'डू-क्लिक'चा. आधी दिसतं, मग होतं.

माणसांतही हेच तीन प्रकार निघतात. निरोप ऐकताच "झालंच समजा" म्हणणारे पहिल्यात मोडतात. त्यांच्या मानेचं हलणं इतकं सुंदर असतं की काम झालं नाही हे दिवाळीनंतर कळतं. आमच्या माळवदावर माझा एक मावसभाऊ या प्रकारातला होता. तो गाढ झोपेतही बरोबर अंतराने हुंकार द्यायचा आणि आजीची गोष्ट पहाटेपर्यंत चालायची. दुसऱ्या प्रकारातली माणसं मुकाट काम करतात आणि सांगत नाहीत. तुम्ही चार दिवस तगमगता, पाचव्या दिवशी जाऊन विचारता, तर उत्तर येतं, "ते तर सोमवारीच केलं की." यांच्यावर रागावताही येत नाही, कारण काम झालेलं असतं, आणि खूशही होता येत नाही, कारण चार दिवस गेलेले असतात. तिसऱ्या प्रकारातला माणूस ज्या घरात आहे, त्या घराचे नातेवाईक लग्नकार्यात निम्मी कामं त्याच्याच गळ्यात घालतात.

पहिल्या प्रकाराने तर शहरंही चालतात. न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडण्यासाठी चौकात दाबायची जी बटणं होती, त्या सुमारे ३,२५० बटणांपैकी २,५००हून जास्त कधीचीच बंद करून टाकलेली आहेत, असं २००४मध्ये उघडकीला आलं. सिग्नल कॉम्प्युटरच्या वेळापत्रकाप्रमाणे बदलत होता आणि लोक मात्र इमानाने बटण दाबून वाट पाहत होते. बटणं काढायला खर्च आला असता, म्हणून राहू दिली. आणि सिग्नल कधी ना कधी हिरवा होणारच असल्यामुळे कोणाचीही श्रद्धा ढळली नाही.

आता हेही खरं की दिसण्याचा आणि होण्याचा मेळ बसवताना तिसऱ्या प्रकाराचीही फजिती होते. जावाच्या त्या खिडकीत चित्र काढणारा आणि हुकूम पाळणारा मजूर एकच असतो. बटण सुटलं की तो आधी हुकुमाच्या मागे धावतो. काम मोठं निघालं, सगळ्या वर्षाची खतावणी काढायची असली, तर तो तिकडेच अडकतो आणि बटण वर आल्याचं चित्र काढायचं राहून जातं. बटण दाबलेल्या अवस्थेतच खिळून बसतं. पाहणाऱ्याला वाटतं, अडकलं. मग तो वर आणखी चार कळा दाबतो. त्या सगळ्या रांगेत उभ्या राहतात आणि मजूर मोकळा झाला की एकापाठोपाठ एक अंगावर येतात. यावर रूढ उपाय म्हणजे मोठं काम दुसऱ्या मजुराकडे द्यायचं, आणि पहिली टिचकी मिळताच बटण फिकं करून टाकायचं, म्हणजे ते दुसऱ्यांदा दाबलंच जात नाही.

हा उपाय बिलोलीतल्या प्रत्येक मतदाराला ठाऊक आहे, फक्त त्याला जावा येत नाही. मतदान केंद्रावरचा अधिकारी आपल्याकडच्या यंत्रावरचं बटण दाबतो तेव्हा पडद्याआडच्या मतदान यंत्रावर हिरवा दिवा लागतो. मतदार निळं बटण दाबतो. त्या उमेदवारासमोर लाल दिवा लागतो, लांब शिट्टी वाजते, आणि शेजारच्या यंत्रात काचेमागे एक चिठ्ठी सात सेकंद दिसून मग पेटीत पडते. त्यानंतर त्याच मतदाराने बटणावर कितीही जोर काढला तरी काही होत नाही. अधिकाऱ्याने पुन्हा परवानगी दिल्याशिवाय यंत्र कोणाचंच ऐकत नाही. दिवा, आवाज, चिठ्ठी असे तीन हुंकार, आणि पुढच्या दाबण्याला दार बंद. एफ-नऊसाठी याहून चांगला नमुना कुठे मिळणार?

देगलूर-बिलोली मतदारसंघाला या यंत्राचा सरावही भरपूर. ३० ऑक्टोबर २०२१ला विधानसभेची पोटनिवडणूक झाली. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेची निवडणूक आणि नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी आल्या, त्यामुळे एका फेरीत दोन यंत्रं, दोन बटणं, दोन शिट्ट्या. शिवाय मतदान सुरू होण्याआधी पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होतं. किमान ५० मतं खोटी टाकायची, मोजायची, चिठ्ठ्यांशी ताडायची आणि पुसून टाकायची. खोटं दाबणं उघडपणे, साक्षीदारांसमोर करून दाखवलं की पुढच्या खऱ्या दाबण्यावर विश्वास बसतो, ही युक्ती ज्याला सुचली त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असणार.

तर आडतीवर मी तेच केलं. एफ-नऊ दाबलं की 'जतन करा' बटण आत बसावं, पट्टी जतन व्हावी आणि पुढच्या शेतकऱ्याचं नाव लिहीपर्यंत बटण फिकं राहावं. जावाचा ठरलेला ६८चा आकडा तसाच ठेवून काकांना दाखवलं. काकांनी कळ दाबली, मान वळवली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "हललं का?" त्यांची नजर त्या वेळी काट्याकडे असते. तिथून ती पडद्यावर येईपर्यंत बटण बसून, उठून, वर मोकळं झालेलं असतं. नील्सनसाहेबांनी मर्यादा ठरवताना समोर बसलेला माणूस पडद्याकडे पाहतो आहे असं धरलं होतं. सोयाबीनच्या हंगामात तो भावाकडे पाहतो.

मी थांबण्याचा वेळ वाढवून २०० मिलिसेकंद केला. काकांनी पुन्हा कळ दाबली, आणि या वेळी मान डोलावली. "आता बसलं." दिवसाला दोनशे पट्ट्या निघाल्या तरी या वाढीव थांबण्याचे मिळून सव्वीस सेकंद होतात, म्हणजे पंचांगाचा एक पळ आणि वर थोडं. दिवसाचा एक पळ आम्ही कॉम्प्युटरला झोपायला दिला. पुढच्या आठवड्यात मालक भेटले तेव्हा म्हणाले, नवा प्रोग्राम जुन्यापेक्षा पळतो.

प्रोग्राम पळाला नव्हता, हळू झाला होता. पण दुकान खरोखरच पळत होतं, कारण तीन-तीनदा दाबणं थांबलं होतं, संध्याकाळची भांडणं थांबली होती आणि काका दाबल्यावर थेट पुढच्या नावाकडे जात होते. वेगाच्या मागे लागलेल्या लोकांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. अलीकडच्या फोनवर आणि नव्या पडद्यांवर बटणं सपाट झाली आहेत. कडा गेल्या, सावल्या गेल्या, काही ठिकाणी बटण कोणतं आणि नुसतं अक्षर कोणतं हे चाचपून पाहावं लागतं. दिसायला स्वच्छ आहे, यात शंका नाही. पण बँकेच्या ॲपवर 'पैसे पाठवा' दाबल्यावर काहीच हललं नाही की चांगली शिकली-सवरलेली माणसंही आमच्या काकांसारखीच दुसऱ्यांदा दाबायला धजतात किंवा घाबरून फोन पालथा ठेवतात.

एक गोष्ट मात्र या नकली दाबण्याला जमत नाही. माऊसने बटण दाबलं तर काम दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतं. दाबून धरलेल्या अवस्थेत बाण बटणाच्या बाहेर सरकवला आणि मग बोट उचललं, तर काहीही घडत नाही. बटण आपलं निमूट वर येतं. म्हणजे माणसाच्या दाबण्यात मन बदलण्याची फट मुद्दाम ठेवलेली आहे. 'डू-क्लिक'मध्ये तशी सोय नाही. बटण बसलेलं दिसतं, पण त्याच्यावर बोटच नसतं, मग सरकवणार काय? थांबण्याचा वेळ दोनशे केला काय किंवा दोन हजार केला काय, त्या वेळात कोणाचाही विचार बदलणार नसतो.

ही गोष्ट मी काकांना सांगितली ती प्रोग्रामात आणखी एक बटण घालायचं होतं म्हणून. 'दिवसाच्या सगळ्या पट्ट्या पुसा.' मालकांना ते हवं होतं. काकांनी गठ्ठ्यामागचा माऊस काढला, फुंकर मारली, चाचणीच्या पट्ट्यांवर ते बटण दाबून धरलं, बाण हळूच बाहेर नेला आणि सोडून पाहिलं. काही पुसलं गेलं नाही. पुन्हा एकदा करून पाहिलं. मग म्हणाले, "हे ब्येस हाय. दाबल्यावर बी इचार बदलता येतोय." मी विचारलं, "मग यालाही कीबोर्डावरची एखादी कळ देऊन टाकू का काका? एफ-दहा?"

"नको," काका म्हणाले आणि माऊस होता तिथे, पावत्यांच्या मागे, पालथा घालून ठेवला. "ह्याला हुडकून काढीपर्यंत मालकाचा राग उतरतोय."